हसाजी म्हणजे कोण?

सातबारावर नाव होतं ‘हसाजी समाजी इस्राएल’. मी नेलेल्या पपांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘डॅनियल सॅम्युएल एझेकिएल’. आणि काकांनी इस्रायलमधल्या दिमोनाहून पाठवलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवर आडनावाच्या जागी ‘यहेझकेल’. तलाठीभाऊंनी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले, पंख्याने उडू नयेत म्हणून वर स्टॅम्पपॅडची डबी ठेवली आणि विचारलं, “ताई, हसाजी म्हणजे कोण?”

“माझे पणजोबा.”

“मग तुमचं आडनाव एझेकिएल कसं? आणि हे यहेझकेल कोण?”

“ही तिन्ही नावं एकच आहेत, भाऊ.”

“असतील. पण कागदावर तसं कुठे आहे?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आवासला आमची सहा गुंठ्यांची वाडी आहे. पाच नारळ, थोड्या पोफळी आणि बुजत आलेली एक विहीर. पणजोबांच्या पश्चात तिच्यावर वारसनोंद कधी झालीच नाही. आजोबा मुंबईला गेले, पपा ठाण्याला आले, काका १९६९ साली इस्रायलला गेले. शेजारचे काका नारळ पाडून आमच्या वाट्याचे पोचवत राहिले, तेवढाच त्या जागेशी संबंध उरला. पपा गेल्यावर मला वाटलं, आपण तरी हे नीट करून ठेवावं. साधी वारसनोंद, महिनाभरात होईल असा माझा अंदाज होता. पुढचे आठ महिने मी एका नावाच्या मागे फिरत होते.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमच्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण घाण्यावर तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. आमच्यात नाव तीन भागांचं असतं: आपलं, बापाचं आणि गावाचं. चित्रपटांत सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले डेव्हिड घ्या. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळी-महालक्ष्मीकडे जाताना लागणारा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर. पाटीवर मोझेस राहिलं, राजपूरकर गळालं. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा मोझेस मुरूडजवळच्या राजपुरीचा? पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर अशी आमची शंभराहून जास्त आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. नकाशा पुढे घेऊन ही आडनावं एकेक करून मांडली, तर रायगड जिल्ह्याची किनारपट्टी आपोआप उमटते.

आमच्या घरात मात्र ‘आवासकर’ मागे पडलं आणि ‘एझेकिएल’ पुढे आलं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कुणाला? आजी म्हणायची, हसाजी म्हणजे सदा हसतमुख, तुझे पणजोबा तसेच होते. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत तेच खरं धरून चालले होते. एझेकिएल हे हिब्रू नाव, हसाजी हे मराठी नाव, आणि ही दोन वेगळी माणसं असावीत असंही मला मधूनमधून वाटायचं.

आजीचा एक पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा. त्यात तिने कागद जपले होते. लहानपणी वाटायचं, म्हातारीला कागदांचा नाद आहे. काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा कारण कळलं. १९६२ साली इस्रायलमधल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, सूचना काढली होती, की बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या आई-आजीपासून मागे जाता येईल तितक्या पिढ्या तपासाव्यात. आमच्या लोकांनी तिथे उपोषणं केली, धरणी धरली. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने आणि सरकारने आमच्या बाजूने स्पष्ट भूमिका घेतली आणि प्रकरण निवळलं. पण दोन हजार वर्षं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळलेल्या माणसांकडे पुरावा मागितला गेला, ही गोष्ट आजीच्या मनातून गेली नाही. “कागुद टाकायचा नाही,” हे तिचं वाक्य होतं. ती स्वतः कधी गेली नाही तिकडे. डबा मात्र तिने तयार ठेवला होता.

त्या डब्यात तिचा केतुबा निघाला. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. नवऱ्याने काय देणं लागतं ते त्यात लिहिलेलं असतं आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. घडीवर फाटत आलेला, कडेला निळ्या-तांबड्या वेलबुट्टीचा. मला त्यातलं अक्षर कळेना. सणाच्या प्रार्थना आम्ही म्हणतो, त्याही देवनागरीत छापलेल्या पुस्तकातून. म्हणून तो घेऊन मी ठाण्याच्या आमच्या मशिदीत गेले. आमचे लोक सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणत आले. ठाण्याची ‘शाआर हाशामाइम’ १८७९ सालची आहे. तिथल्या हझानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, चष्मा लावला आणि बोट उजवीकडून डावीकडे नेत वाचायला घेतलं. वराचं नाव: शमुएल बेन यहेझकेल. शमुएल, यहेझकेलचा मुलगा.

“शमुएल म्हणजे तुझे आजोबा सॅम्युएल. यहेझकेल म्हणजे त्यांचे बाबा.”

“पण त्यांचं नाव हसाजी होतं.”

ते हसले. “अगं, तेच तर.”

त्यांनी मला कागदावर ते नाव लिहून दाखवलं. योद, हेत, झायिन, कोफ, आलेफ, लामेद. सहा अक्षरं. त्यांचा अर्थ ‘देव बळ देईल’. बॅबिलोनच्या बंदिवासात भविष्य सांगणाऱ्या पैगंबराचं हे नाव. मराठी बायबलात त्याला यहेज्केल म्हणतात, इंग्रजीत एझेकिएल. दुसरं अक्षर हेत. घशातून काढलेला ह. अरबी बोलणाऱ्या ज्यूंनी हा ह जपला आणि पुढचा ‘य’ सोडून दिला, म्हणून बगदादकडे हेच नाव ‘हेस्केल’ किंवा ‘हस्केल’ झालं. आमच्या कोकणातल्या लोकांनी त्याचा पहिला तुकडा घेतला, त्याला मराठी माणसाच्या नावाचं शेपूट लावलं. तानाजी, संभाजी, तसा हसाजी. शमुएलचा समाजी, अब्राहमचा आबाजी, इसहाकचा इसाजी. सगळीकडे हीच रीत.

आजीचा हसतमुख म्हातारा त्या क्षणी माझ्या हातातून गेला आणि त्याच्या जागी बंदिवासातला पैगंबर आला. मला आधी थोडं वाईट वाटलं. आजी आणि मी मिळून त्याला एक चेहरा दिला होता.

हझानांनी पत्र लिहून दिलं, केतुब्याचा मराठी अनुवादही करून दिला. मी अलिबागला घेऊन गेले. उत्तर मिळालं, की केतुब्यावरून सॅम्युएलचा बाप यहेझकेल हे मान्य, पण यहेझकेल म्हणजे सातबारावरचा हसाजी कशावरून? पत्र तर आत्ताचं आहे, जुना कागद आणा.

त्या रात्री मी इंटरनेटवर ‘एझेकिएल’ आडनावाचे लोक जगात कुठे आहेत ते शोधायला बसले. मला वाटलं, हे इतकं विरळ आडनाव, जे असतील ते आमचेच. कुणाकडे तरी पणजोबांची खबर असेल. नकाशा उघडला तर आफ्रिकेवर दाट ठिपके, त्यातही नायजेरियात. तिथल्या ख्रिस्ती घरांत बायबलमधली नावं बाप्तिस्म्याला ठेवतात आणि बापाचं नाव पुढे आडनाव होतं. त्यांचा-आमचा रक्ताचा काही संबंध नाही. संबंध आहे तो एका पुस्तकातल्या एका नावाचा.

मग मी माग काढत गेले, आणि हे सांगायला मला फार आवडतं, कारण आठ महिन्यांतला माझ्यासाठी सगळ्यात श्रीमंत काळ तोच होता. इराकात हिल्ल्याच्या दक्षिणेला अल-किफ्ल नावाचं गाव आहे. यहेझकेलची कबर तिथे आहे अशी श्रद्धा. बाराव्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा ज्यू प्रवासी तिथे जाऊन आल्याचं त्याने लिहून ठेवलंय. बगदादचे ज्यू शावुओतच्या सणाला तिकडे यात्रेला जात, आणि साहजिकच मुलांची नावं हेस्केल ठेवत. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हेस्केल. १९२५ साली तेल कंपनीशी करार होताना इराकचा हिस्सा सोन्याच्या भावात मिळावा असा हट्ट त्यांनीच धरला. हिशेबाला काटेकोर माणसासाठी त्यांच्या नावावरून इराकी बोलीत क्रियापदच पडलं. पण त्यांचं ‘आडनाव’ पाहिलंत का? हेस्केल हे त्यांच्या वडिलांचं नाव. म्हणजे तिकडेही आमच्यासारखंच: आधी आपलं नाव, मग बापाचं.

कोचीनला डच कंपनीचा मोठा व्यापारी होता यहेझकेल राहबी. सतराशेसाठच्या सुमाराला तिथल्या परदेशी सिनेगॉगात चिनी फरशा आल्या त्या त्याच्याच काळात. त्याचं आडनाव राहबी, नाव यहेझकेल. त्याच्या बाबतीत आमचं नाव आडनाव झालंच नाही. अमेरिकेत मोझेस एझेकिएल नावाचे शिल्पकार होते, १८४४ साली रिचमंडला जन्मलेले. त्यांचं घराणं हॉलंडहून आलेलं. आणि पोलंड-जर्मनीकडच्या ज्यूंमध्ये तेच नाव खास्केल झालं, कारण तिकडे हेतचा उच्चार ख करतात.

‘हास्केल’ आडनावाचे इंग्रज आणि अमेरिकनही पुष्कळ सापडले. मी हरखले. मग वाचलं की ते आडनाव बहुधा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडला आलं. मूळ शब्द ‘आस्केटिल’, म्हणजे देव आणि हंडा. देवाचा हंडा! कानाला एक वाटलं, तरी ते वेगळ्याच झाडाचं फळ. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेले, एका पानावर आमचे, दुसऱ्या पानावर आमचे नसलेले. दुसरं पान फार लवकर भरलं.

वहीत आणखी एक गोष्ट उतरवली, आणि तिने माझा प्रश्नच बदलला. युरोपातल्या बहुतेक ज्यूंना कायमचं आडनाव सरकारने घ्यायला लावलं. ऑस्ट्रियात १७८७ साली, फ्रान्समध्ये १८०८, हॉलंडमध्ये १८११, प्रशियात १८१२. त्याआधी बापाचं नाव लावायचे, ते दर पिढीला बदलायचं. एके दिवशी कारकून आला, त्याने विचारलं, आणि त्या दिवशी जो बाप होता त्याचं नाव कायमचं चिकटलं. म्हणजे ‘एझेकिएल कुठून आले’ असं विचारून उपयोग नव्हता. विचारायला हवं होतं, आमच्या घरात हे नाव कधी गोठलं? आणि का बरं पणजोबांपाशीच?

याचं उत्तर डब्यातच होतं, मीच नीट पाहिलं नव्हतं. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सॅम्युएल एझेकिएल’ एवढंच. पणजोबा गेले तेव्हा आजोबा तेरा वर्षांचे होते. पणजीने वाडी शेजाऱ्यांवर सोपवली आणि मुलाला घेऊन मुंबईला भावाकडे आली. तिथल्या शाळेत घालताना नाव विचारलं असणार, बापाचं नाव विचारलं असणार. हसाजी सांगितलं की एझेकिएल, कुणास ठाऊक. तोवर आमच्या समाजात हिब्रू आणि इंग्रजी नावांची ये-जा सुरू होऊन शंभरेक वर्षं झाली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं. कोचीनचे ज्यू शिक्षक त्याच्याही आधीपासून येत होते. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीतला हागादा छापला गेला, पेसाह सणाच्या रात्री वाचायचा. त्यामुळे ज्याचं घरचं नाव हसाजी त्याचं ‘खरं’ नाव एझेकिएल, हे त्या पिढीला कुणी शिकवायची गरज नव्हती. आजोबा पुढे परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर लागले, तिथेही तेच नाव. पपा शाळेत गेले तेव्हा रकान्यात मुलाचं नाव डॅनियल, बापाचं सॅम्युएल, आडनाव एझेकिएल. जुन्या रितीने ते डॅनियल सॅम्युएल आवासकर व्हायला हवे होते. एझेकिएल तिथे थांबलं ते थांबलंच.

काकांना मी हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. दिमोनात त्यांच्या इमारतीत खाली एक बगदादी म्हातारा राहायचा. दोघांच्या दारावर एकच आडनाव. पहिल्याच आठवड्यात तो खजूर घेऊन वर आला आणि मिठी मारून म्हणाला, आपण भाऊ. “मी त्याला कसं सांगू रे बाबा, आम्ही अलिबागचे,” काका म्हणाले. नंतर भाषा आली तशी दोघांना खरं कळलं, तरी खजूर काही थांबला नाही. तो म्हातारा नाव घेताना ह घशातून काढायचा, अगदी जुन्या लोकांसारखा. ऑफिसातले लोक मात्र काकांना ‘येखेझकेल’ म्हणतात. “पंचावन्न वर्षं झाली, अजून वळून बघायला वेळ लागतो,” काका म्हणाले. नोंदीत त्यांचाही हिस्सा होता, म्हणून त्यांनी कुलमुखत्यारपत्र करून, त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा, शिक्का घेऊन पाठवलं. त्यातही आडनावाचं स्पेलिंग ओळखपत्रापेक्षा वेगळं पडलं आणि ते दुसऱ्यांदा करावं लागलं. त्यात सहा आठवडे गेले.

जुना कागद कुठे मिळेल, हे मला अलिबागच्या वकीलबाईंनी सांगितलं. “कोतवाल बुक बघा.” गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वी कोतवालाच्या वहीत होत, गाव नमुना चौदा. ती जुनी बुकं तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतात आणि बरीचशी मोडीत. अर्ज केला, तीन खेपा घातल्या. एका खेपेला बुक सापडत नाही म्हणाले, पुढच्या खेपेला त्याच कपाटात सापडलं. मोडी वाचणारे एक गुरुजी तिथे रोज येतात, लोकांना जातीच्या नोंदी शोधून देतात. त्यांच्याभोवती रांग होती. माझी पाळी आल्यावर म्हणाले, “कोणती जात शोधायची?”

“इस्राएल.”

त्यांनी मान वर केली. “मग लवकर सापडेल. अशा थोड्याच असतात.”

मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि हात न उचलता अक्षरं खाली लटकवत जायचं. मला ती ओळ एका दोऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत होती, सगळी एकमेकांत अडकलेली. गुरुजींनी सुईचं टोक एकेका अक्षरावर ठेवलं. १९११. मुलगा. बापाचं नाव हसाजी समाजी. जात इस्राएल. आणि मुलाचं नाव? शाई पसरली होती. त्यांनी पान खिडकीकडे तिरकं धरलं. “स… मा… जी. समाजी.”

म्हणजे आजोबा जन्मले तेव्हा सॅम्युएल नव्हते, समाजी होते. आजाचं नाव नातवाला. समाजी हसाजी.

हे नाव मी कुठेतरी वाचलं होतं. घरी येईपर्यंत लोकलमध्ये आठवत राहिले आणि मग लख्ख आठवलं. मुंबईतली सगळ्यात जुनी सिनेगॉग, १७९६ सालची ‘शाआर हाराहामीम’, जिला जुनी मशीद म्हणतात आणि जिच्यावरून मस्जिद बंदर स्टेशनाला नाव पडलं असं सांगतात. ती बांधली समाजी हसाजी दिवेकरांनी. कंपनी सरकारच्या पलटणीत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि मशीद बांधली. हेच गृहस्थ इंग्रजी पुस्तकांत सॅम्युएल एझेकिएल दिवेकर म्हणून येतात. सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल. आमच्या घरातली तीच जोडी दोनशे वर्षांपूर्वी, रस्त्याच्या पाटीवर!

वकीलबाईंनी त्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडायला लावली. पण त्याच म्हणाल्या, “ही रीत सिद्ध झाली. माणूस अजून सिद्ध व्हायचाय. कबर आहे का?”

होती. अलिबागला आमच्या लोकांचं कबरस्तान आहे. पणजोबांची तिथे आहे एवढं पपा म्हणायचे, ओळ सांगता यायची नाही. पावसाळा नुकताच सरला होता. गवत मांडीएवढं. माझ्याबरोबर इस्रायल आळीतला एक मुलगा होता, कोयता आणि पाण्याची बाटली घेऊन. आम्ही सकाळी आठला सुरुवात केली. बऱ्याच दगडांवर शेवाळ, काहींवर अक्षरच नाही. साडेदहाच्या सुमाराला त्याने हाक मारली, “मावशी, इथे मराठी हाये.”

दगड कमरेएवढा, एका बाजूला कललेला. मी ओल्या फडक्याने तो हळूच पुसला. ब्रश लावायचा नाही असं हझानांनी बजावलं होतं, त्याने कड जाते. मग मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरला. सावल्या पडल्या आणि अक्षरं वर आली. खालच्या अर्ध्यात देवनागरी: हसाजी समाजी आवासकर. वरच्या अर्ध्यात हिब्रू. सुरुवातीला पे आणि नून, म्हणजे ‘इथे पुरलेला आहे’. त्याखाली ती सहा अक्षरं. मी पिशवीतून हझानांचा कागद काढला आणि एकेक जुळवलं. योद. हेत. झायिन. कोफ. आलेफ. लामेद. मग बेन शमुएल.

शेवटच्या ओळीत महिना तम्मूज आणि साल. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. ताव चारशे, रेश दोनशे, पे ऐंशी, दालेत चार. सहाशे चौऱ्याऐंशी. पाच हजार मनात धरायचे, म्हणजे ५६८४. त्यातून ३७६० वजा केले की १९२४. मी तिथेच गवतात बसून बोटांवर दोनदा हिशेब केला.

एवढा सगळा वेळ मी ज्या कागदासाठी फिरत होते, तो दगडावर लिहून ठेवलेला होता. एकाच माणसाची दोन नावं, वर आणि खाली, आणि दोन्हीत बाप तोच. पणजीला लिहिता येत नव्हतं. तरी तिने पैसे मोजून दोन्ही कोरून घेतली, आणि मग मुलाचा हात धरून मुंबईला गेली. मुलगा तिथल्या कागदांवर काहीही झाला, तरी इथे दोन्ही नावं राहतील असं तिला वाटलं असेल का? मला तसं वाटून घ्यावंसं वाटतं.

पुढचं भराभर झालं. दगडाचे फोटो, हझानांचा अनुवाद, मशिदीच्या ट्रस्टचं पत्र, कोतवाल बुकाची नक्कल, केतुबा, शाळेचा दाखला, वंशावळ आणि ‘उपरोक्त सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. एक अडचण अशी, की अर्जाच्या छापील नमुन्यात हिंदू वारसा कायदा गृहीत धरलेला होता. आम्हाला लागू होतो १९२५ चा भारतीय वारसा कायदा. तो मजकूर खोडून तिथे लिहावं लागलं आणि प्रत्येक खोडीवर सही. नमुना नऊची नोटीस लागली. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला.

नवस बोलले होते, म्हणून त्या गुरुवारी घरी मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडली आणि एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलिया पैगंबराचं, नाव घेतलं. काकांना व्हिडिओ कॉल लावून फोन ताटाशेजारी उभा केला. ते आधी ताटाकडेच बघत होते. मग म्हणाले, वाच.

मी फेरफार वाचला. “मयत खातेदार हसाजी समाजी ऊर्फ यहेझकेल शमुएल आवासकर यांचे वारस…”

“थांब,” काका म्हणाले. “पहिलं अक्षर परत सांग.”

“ह.”

“ख नाही ना लिहिलं?”

“नाही काका. ह आहे.”

“मग पुढे वाच.”